दुधाच्या दातावरची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. मित्रांनो, हसू नका. डोक्यावर घालतात ती टोपी वेगळी. तिला ऊन-वारा लागतो, आरशात बघून लोक तिला वाकडी-सरळ करतात, फोटोत ती पुढे असते. मी दातावरची टोपी. पोलादाची, करंगळीच्या नखाएवढी. माझ्या पोटात अजून एक दात आहे. खरं तर दाताचा नुसता वरचा तुकडा आहे, मुळं नाहीत. ती कुठे गेली ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

माझा जन्म पत्र्यातून झाला. एका यंत्राने पातळ पोलादी पत्र्यावर दणका दिला आणि मी खाली पडले. शेजारच्या यंत्रातून चमचे पडत होते. मीही चमचाच होईन अशी माझी समजूत होती, पण नशिबात जेवण वाढणं नव्हतं, चावणं होतं. माझ्या अंगावर चार हा आकडा कोरला गेला आणि कप्प्याकप्प्यांच्या डबीत माझी रवानगी झाली. कप्प्यावर लिहिलं होतं : खालची, डावी, मागची दुधाची दाढ. जन्मतःच इतका नेमका पत्ता मिळालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

डबी पोचली ती फक्त लहान मुलांचेच दात बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या खोलीत. खोली स्वच्छ होती आणि छतावर मासे रंगवलेले होते. भिंती पांढऱ्या ठेवून छत रंगवणारी बाई वेडी असावी, असं मला आधी वाटलं. नंतर लक्षात आलं की त्या खुर्चीत बसणाऱ्याला भिंत दिसतच नाही. तो आ वासून वरच बघत असतो.

त्या डबीत मी बरेच महिने पडून होते. रोज झाकण उघडे, कुणीतरी निवडलं जाई, झाकण मिटे. आणि एक दिवस मास्तरीण आली.

ती पाच वर्षांची होती. घरात सगळे तिला मास्तरीण म्हणत, कारण ती सगळ्यांना शिकवत असे. आल्या आल्या तिने डॉक्टरबाईंना आरसा कसा धरायचा ते सांगितलं. पण तिचा डावा गाल सुजला होता आणि बोलताना ती मधेच थांबत होती. दोन आठवडे ती एकाच बाजूने चावत होती, आणि गेले तीन दिवस चावणंही बंद होतं. बरोबर आई होती. ही आई एका छापखान्यात छपाईआधीचे कागद तपासायची. हजार शब्दांत एक वेलांटी चुकली तरी तिचं बोट बरोबर तिथेच जाऊन थांबे. आणि आईचे वडील होते, म्हणजे मास्तरिणीचे आजोबा. ते बसचे निवृत्त कंडक्टर. लेकीकडेच राहत आणि दुपारभर नात सांभाळत.

"गोड किती खाते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे गोड फारसं नसतंच," आई म्हणाली. "महिन्यातून कधीतरी."

मास्तरिणीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं आणि ते मासे मोजू लागले. मास्तरीण, जी कधीच गप्प बसत नसे, ती गप्प बसली. डबीचं झाकण उघडं असल्यामुळे हे सगळं मी पाहिलं. पण माझा अनुभव तेव्हा कमी होता.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला. "कीड दाताच्या नसेपर्यंत गेली आहे. रूट कॅनॉल करावं लागेल."

"रूट?" आजोबांनी मासे सोडून दिले. "रूट मला सांगू नका. एकतीस वर्षं रूटवरच काढलीत. चौदा नंबर, बाजार ते पाण्याची टाकी. हा कॅनॉलवरून जाणारा कुठला रूट काढलात?"

"हा दाताचा रूट, आजोबा. मूळ. मुळातली नळी साफ करायची."

"अहो, पण दुधाचा दात तो! आज ना उद्या पडणारच. त्याला एवढा थाट म्हणजे भाड्याच्या खोलीला संगमरवरी फरशी. काढून टाका आणि पोरीला मोकळी करा."

मित्रांनो, आजोबांना इतकी घाई का होती ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. दात गेला की दाताबरोबर पुरावाही जातो.

डॉक्टरबाईंना हे वाक्य रोज ऐकायची सवय असावी. त्या खुर्ची ओढून आजोबांसमोर बसल्या. "पडणार आहे, पण अकराव्या वर्षी. ही आत्ता पाच वर्षांची आहे. सहाव्या वर्षी हिच्यामागून एक पक्की दाढ येईल. पुढे जागा रिकामी दिसली की ती दाढ सरकणार."

"सरकणारच. रिकामी सीट दिसल्यावर उभा माणूस कशाला थांबेल?"

"मग अकराव्या वर्षी खालून ज्याला यायचंय, त्याने कुठे बसायचं?"

आजोबा विचारात पडले. एकतीस वर्षांत त्यांनी अशी भांडणं किती मिटवली होती कोण जाणे. "म्हणजे तो आडवा-तिडवा, दुसऱ्याच्या खांद्यावर."

"अगदी. म्हणून सहा वर्षं जागा धरायची."

"सहा वर्षं? बाई, रुमाल टाकून सहा मिनिटं जागा राहत नाही."

"रुमाल टाकायचाच नाही. जो बसलाय त्यालाच बरा करून बसवून ठेवायचा. आणि वर टोपी घालायची."

"हां! आली टोपी!" आजोबा उठून उभेच राहिले. "तरी म्हटलं, शेवटी टोपी घालणारच!"

"बाबा!" आई म्हणाली.

"लोकरीची नको," मास्तरीण गाल धरून म्हणाली. "मला टोचते."

अशा रीतीने माझं लग्न ठरलं. ठरताना जितकं ऐकून घ्यावं लागतं, तितकं मीही ऐकून घेतलं.

काम दोन खेपांत झालं. आधी हिरडीवर गोड लेप लावला, मग सुई दिली आणि दात झोपवला. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणला. "दाताचा रेनकोट," डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे पाणी घशात जात नाही." मास्तरिणीने मान डोलावून परवानगी दिली. मग केसाएवढ्या बारीक कानशींनी मुळांच्या नळ्या साफ केल्या आणि सडकी नस बाहेर आली. पुन्हा धुतलं, पुन्हा साफ केलं. आई हात घट्ट धरून उभी होती. कोणाचा हात कोण धरतंय ते मात्र सांगता आलं नसतं.

दुसऱ्या खेपेला नळ्यांत औषधाचा लगदा भरला. मोठ्या माणसांच्या दातात पक्कं भरतात. मुलांच्या दुधाच्या दातात भरतात ते वेळ आली की मुळांबरोबर विरघळून जाणारं. नव्याची वाट सोडून आपण होऊन नाहीसं व्हायचं, हा गुण औषधात आणता आला आहे. माणसांत आणायचे प्रयत्न चालू असावेत.

मग टोपीची पाळी आली. आधी पाच नंबर घालून पाहिली, ती ढगळ झाली. तीन नंबर बसेचना. मग डॉक्टरबाईंच्या चिमट्याने मला उचललं. त्यांनी माझ्या कडा पकडीने आत वळवल्या, पोटात सिमेंट भरलं आणि मला दातावर दाबलं. कट् असा आवाज झाला. आयुष्यात आपली जागा सापडल्याचा आवाज इतका लहान असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"उंच लागतंय," मास्तरीण म्हणाली.

"दोन दिवसांत सवय होईल."

"कुणाला? मला की तिला?"

दोघींनाही झाली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यावर एक कडक बिस्कीट फोडलं. ते माझं पहिलं काम.

मित्रांनो, त्यानंतरचं एक वर्ष माझ्या कौतुकाचं होतं. शाळेत 'चांदीचा दात' बघायला रांग लागे. मास्तरीणच ती रांग लावी. "एकेकाने. ढकलाढकली नाही. बोट घालायचं नाही, लांबून बघायचं." एका मुलाने घरी जाऊन मलाही तसाच दात हवा म्हणून हट्ट केला आणि मार खाल्ला, असं ऐकलं.

मास्तरिणीला सहा वर्षं पूर्ण झाल्यावर माझ्या मागे हिरडी फुगली आणि ती पक्की दाढ वर आली. रुंद, दांडगी, घरात शिरताच पलंगावर आडव्या होणाऱ्या पाहुण्यासारखी. तिने लगेच माझ्यावर रेलायला सुरुवात केली. रागाने नव्हे. तिचा स्वभावच पुढे सरकण्याचा. मी आणि माझ्या पोटातला दात, आम्ही दोघांनी पाय रोवले. तो दात आतून रिकामा होता, औषधावर उभा होता, पण हलला नाही. हे काम दिसत नाही. रोज न हलणं, याला कुणी काम म्हणतही नाही. पण खाली, हाडाच्या आत, कुणीतरी घडत होतं आणि त्याची जागा आमच्या भरवशावर होती.

पुढे माझी चमक जुनी झाली. मुलांना दुसरे विषय मिळाले. मास्तरिणीचे पुढचे दात पडले, नवे आले, आणि तिचा ब्रश पुढच्या दातांपुरता फिरू लागला. दिसतं ते घासायचं, हा नियम तिने मोठ्या माणसांकडून उचलला असणार. मी मागे अंधारात, कधी भाताचं शीत सांभाळत, कधी नुसती.

आणि आठव्या वर्षी घात झाला.

मास्तरिणीची जिवाभावाची मैत्रीण गाव सोडून गेली. सामानाची गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा ही रडलीसुद्धा नाही. रडली ती बागेत, बाकावर, आजोबांच्या शेजारी. आजोबांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. "येईल गं परत," म्हणाले. "नाही येणार," ती म्हणाली. मग त्यांचा हात खिशात गेला. तीन वर्षं तो त्या खिशात गेला नव्हता. आतून दुधाची टॉफी निघाली. "पूर्वीसारखं, आपल्या दोघांतलं," ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. छतावरचे मासे, ते गप्प बसणं, ती घाई. रोज बागेतून परतताना एक टॉफी, 'हे आपल्या दोघांतलं', असा त्यांचा जुना करार होता. माझ्या पोटातला दात ज्या किडीने खाल्ला, तिला रोज संध्याकाळी खाऊ घालणारे हेच. माणूस प्रेमळ. मुलं रडली की प्रेमळ माणसांना दुसरं काही सुचत नाही.

मास्तरिणीने टॉफी डाव्या बाजूला धरून चावली. टॉफी चिकटली. तिने जबडा उघडला आणि मी टॉफीबरोबर बाहेर आले. तीन वर्षांनी सूर्य पाहिला, तोही टॉफीतून.

"आजोबा," ती म्हणाली, "टोपी."

आजोबांचा चेहरा असा झाला, जणू गाडी सुटली आणि प्रवासी खालीच राहिला. "घरी चल. तुझी आई यायच्या आत."

घरी मोरीत दोघं उभी राहिली. मला धुतलं, पुसलं. आजोबांनी कपाटातून एक नळी काढली. त्यांची कवळी चिकटवायचं मलम होतं ते.

"माझी अख्खी कवळी धरतं हे," ते म्हणाले. "तुझी एवढीशी टोपी धरणार नाही?"

"थोडंच लावा. अहो, उलटी धरलीय तुम्ही! चष्मा कुठाय?"

"चष्म्याचं राहू दे, तू आ कर."

मित्रांनो, विचार करून पाहा. सगळं तोंड ज्या हातांनी बिघडवलं, ते हात आता ते सुधारायला निघाले होते. मी बसले. म्हणजे बसल्यासारखी झाले. दोघांनी एकमेकांना कुणाला न सांगण्याची शपथ घातली.

कवळीचं मलम हे कवळीचंच. रोज काढायची वस्तू ती. दोन दिवस मी प्रत्येक घासाला उचलत होते आणि पुन्हा टेकत होते. माझ्या कडेखालून लाळ आत झिरपत होती, आणि डॉक्टरबाईंनी इतक्या मेहनतीने बंद केलेलं घर मला वरून उघडं पडताना दिसत होतं. मला ओरडता येत नाही. पत्र्याची बोलायची सोय नसते, आणि असती तरी तोंड दुसऱ्याचं.

शनिवारी दुपारी तिघं जेवत होती. आईने ताटाशेजारी छापखान्याचे कागद ठेवले होते आणि खाता खाता ती चुका शोधत होती. मास्तरीण उजव्या बाजूने चावत होती. फक्त उजव्या. आजोबांचा घास हातातच राहिला. असं एका बाजूने चावणं त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हा दोन आठवडे गप्प बसले होते.

"अगं, ते कागद जरा ठेव बाजूला."

"दोनच पानं राहिलीत, बाबा."

"ठेव म्हणतो ना. हिची टोपी निघाली होती परवा. मी चिकटवली."

आईचं बोट कागदावर थांबलं. "तुम्ही? कशाने?"

आजोबांनी कशाने ते सांगितलं.

"आणि निघाली कशी?"

"पेन्सिल चावली मी," मास्तरीण पटकन म्हणाली. "लाल पेन्सिल. गणिताच्या तासाला."

"पेन्सिल नाही," आजोबा म्हणाले. "गप्प बस तू, बाळा. टॉफी. मी दिली. आणि ही पहिली नव्हे. तो दात किडला ना, तोही माझ्याच टॉफ्यांनी. बागेतून येताना, रोज एक. तिला चावता यायला लागल्यापासून. तू तिथे डॉक्टरबाईंना सांगत होतीस आमच्याकडे गोड नसतं म्हणून, आणि मी तुला खोटं पडू दिलं."

आईने कागद मिटून बाजूला ठेवले.

"तीन वर्षं, बाबा," ती म्हणाली. "तीन वर्षं मला वाटतंय की कामाच्या नादात माझंच लक्ष नव्हतं. जगाच्या वेलांट्या बघत बसते आणि पोरीच्या तोंडात काय चाललंय ते दिसत नाही. एकदा तरी बोलायचंत."

"भीती वाटली."

"कसली?"

"पोरीला माझ्याकडे ठेवायची नाहीस म्हणून."

मास्तरिणीने दोघांकडे पाहिलं. मग तिने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही शिकवलं नाही. उठली आणि तिघांच्या चपला दारात सरळ मांडून आली.

"हात धुवा," आई म्हणाली. "दवाखाना पाचला उघडतो. आणि डॉक्टरबाईंना तुम्ही सांगायचं. सगळं. पहिल्या टॉफीपासून."

आजोबांनी सगळं सांगितलं. उभं राहून सांगितलं. डॉक्टरबाईंनी मला उचलून वास घेतला. "हा पुदिना कसला?"

"मलम. कवळीचं."

"माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण ही पद्धत नवीन आहे." मग त्यांनी नवा एक्स-रे काढला आणि तो बराच वेळ उजेडासमोर धरला. "मुळं ठीक आहेत. लवकर आणलीत. आणखी आठवडाभर गप्प बसला असतात, तर हा दात काढावाच लागला असता."

त्यांनी माझ्या कडा पुन्हा वळवल्या, नवं सिमेंट भरलं. कट्.

मित्रांनो, यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. आईने मास्तरिणीला आजोबांकडून काढून घेतलं नाही. त्यांच्याकडे एक काम मात्र दिलं. सकाळी आणि झोपण्याआधी मास्तरीण मोरीशी ब्रश घेऊन उभी राही आणि शेजारी आजोबा हातात आपली कवळी आणि कवळीचा जाडा ब्रश घेऊन. मनगटावर घड्याळ. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. "मागची दाढ राहिली," ते म्हणत. "तुमच्या कवळीची खालची बाजू राहिली," ती म्हणे. घासण्याचा आवाज, फेस, आणि मधेच दोघांचं बोबडं भांडण, कारण एकाच्या तोंडात दात नाहीत आणि दुसरीच्या तोंडात ब्रश. त्या आवाजाची मला अजून आठवण येते. तेव्हा मी पुन्हा चमकत होते, आणि माझ्याकडे कुणी पाहत नाही याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

दहावं वर्ष सरलं आणि खालून हालचाल जाणवू लागली. ज्याच्यासाठी आम्ही बसलो होतो, तो निघाला होता. त्याच्या वाटेतली दुधाच्या दाताची मुळं हळूहळू विरघळू लागली, आणि मुळांतलं औषधही शब्द पाळून विरघळलं. मुळं गेली ती अशी. सांगितलं होतं ना, सांगेन म्हणून. आम्ही हलू लागलो. मास्तरीण आता उंच झाली होती, वेणी स्वतः घालत होती. जिभेने मला हलवत ती अभ्यास करी. मागची दांडगी दाढ आता शहाण्यासारखी आपल्या जागी उभी होती.

एका सकाळी तिने चूळ भरली आणि मी टण्णकन मोरीत पडले. पाणी चालू होतं. मी जाळीच्या दिशेने वाहत निघाले आणि आजोबांचा हात माझ्यावर आडवा पडला. सत्तरीतल्या माणसाला इतकी चपळाई शोभत नाही.

"नळ बंद कर! आणि आ कर."

तिने आ केला. आजोबांना चष्म्याशिवाय काही दिसेना. त्यांनी लेकीला हाक मारली. आई ओल्या हाताने आली, तिने टॉर्च धरला आणि वाकून पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

"पांढरं टोक दिसतंय," ती म्हणाली. "मधोमध. सरळ आहे, बाबा. अगदी सरळ."

आजोबा काही बोलले नाहीत. कवळी तोंडात नव्हती म्हणून बोललो नाही, असं ते नंतर म्हणाले.

मला तो एवढाच दिसला, आजोबांच्या तळहातावरून, क्षणभर. हाडातून वर येणारं एक पांढरं टोक, त्याला आमच्याविषयी काहीच ठाऊक नाही. आम्ही दोघांनी सहा वर्षं त्याची जागा धरली आणि ओळख व्हायच्या आत उठलो. मला त्याचं वाईट वाटत नाही. अगदीच वाटत नाही असंही नाही.

मास्तरिणीने मला डॉक्टरबाईंना देऊन टाकलं. आता मी त्यांच्या टेबलावर काचेच्या वाटीत असते. कुणी म्हणालं, 'दुधाचाच दात, पडणारच आहे,' की डॉक्टरबाई वाटी पुढे सरकवतात आणि मला बघायला लावतात.

मित्रांनो, पडण्यात काही वाईट नाही. वेळेवर पडणारा दात आपलं काम पुरं करून पडतो. वेळेआधी पडणाऱ्याची जागा दुसरेच कुणी घेतात आणि ज्याची ती होती तो आयुष्यभर वाकडा उभा राहतो. म्हणून दोन वेळा, दोन मिनिटं, मागपर्यंत घासा. दुखलं तर त्याच दिवशी सांगा. आणि तुम्हाला हळूच गोड देणारं घरात कुणी असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या हातात ब्रश द्या आणि त्याला तुमच्या शेजारी उभं करा.